लोकरीच्या वाटेवर वसंत : माणदेशच्या माळरानावरील एक अभ्याससहल

फाल्गुन सरत आला की सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठाराचे रूप पालटू लागते. सुगी संपलेली असते, ज्वारीचा कडबा रचून झालेला असतो आणि उघड्या माळावर वाळलेल्या गवताचा पिवळा रंग पसरलेला असतो. अशा वेळी या भागात पाहण्यासारखे काय असणार, असा प्रश्न नवख्या प्रवाशास पडणे स्वाभाविक आहे. परंतु नेमक्या याच दिवसांत ओढ्याकाठचा पळस पेटल्यासारखा फुलतो, पांगारा व काटेसावर पाने टाकून फुलांनी लगडतात, करंजाला कोवळी पालवी फुटते आणि कडुनिंबाच्या मोहोराचा वास गावाच्या शिवेपर्यंत येतो. माळावरच्या पक्ष्यांच्या विणीचे दिवसही हेच. उन्हाळा कडक होण्यापूर्वी मेंढ्यांची लोकर कातरण्याचे कामही अनेक ठिकाणी याच सुमारास चालते.

लोकर, मेंढपाळ आणि माळरान या तीन गोष्टींचा परस्परांशी घनिष्ठ संबंध आहे. कळपापासून घोंगडीपर्यंतचा लोकरीचा प्रवास प्रत्यक्ष पाहावयाचा आणि त्या वाटेवर लागणारे वन्यजीवनही न्याहाळावयाचे, अशा दुहेरी हेतूने दोन-तीन दिवसांची सहल काढली, तर ती शाळांना, पंचायत सदस्यांना आणि विकासकार्यात गुंतलेल्या अधिकाऱ्यांना सारखीच उद्‌बोधक ठरेल. पुणे जिल्ह्यातील सुपे-बारामतीचा टापू, सातारा जिल्ह्यातील माण तालुका आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतचा परिसर अशा सहलीसाठी सोयीचा आहे.

पर्जन्यछायेचा प्रदेश

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात मात्र हे प्रमाण पाचशे मिलिमीटरच्या आसपास येते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि डोंगराच्या पाठीमागे राहिलेल्या मुलखाला उरलासुरला पाऊस मिळतो. काळ्या खडकावरील मुरमाड जमिनीचा थर येथे पातळ असून तो फार काळ ओल धरून ठेवीत नाही. अशा जमिनीत घनदाट अरण्य वाढत नाही, गवत मात्र उत्तम वाढते. मारवेल, पवना, कुसळी यांसारखी गवते पहिल्या पावसाबरोबर उगवतात, दिवाळीपर्यंत पिकतात आणि पुढे सहा महिने वाळक्या रूपात उभी राहतात.

या परिस्थितीशी जुळवून घेणारे जनावर म्हणजे दख्खनी मेंढी होय. ती काटक असते, दूरवर चालू शकते आणि गाय-म्हैस ज्या चाऱ्याकडे पाहणार नाही, त्यावर निर्वाह करू शकते. तिची लोकर काळी, करडी किंवा तपकिरी छटेची आणि जाडीभरडी असते. मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीशी तिची तुलना होणार नाही. परंतु ज्या कामासाठी येथील माणसाने ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली, त्या कामास तीच योग्य आहे, हे पुढे दिसून येईल.

मेंढपाळांची वर्षभराची वाट

धनगर समाजातील मेंढपाळांचे वर्ष चालण्यात जाते. पावसाळ्याचे चार महिने गावाकडील माळावर काढावयाचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिमेची वाट धरावयाची आणि मृगाच्या आत घरी परतावयाचे, असा अनेक कुटुंबांचा क्रम आहे. काही कळप घाट उतरून कोकणात जातात, काही मावळात किंवा नदीकाठच्या बागायती पट्ट्यात फिरतात. तट्टांच्या पाठीवर भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि त्यावर कोंबड्या व नुकतीच जन्मलेली कोकरे, अशी बिऱ्हाडे रस्त्याने जाताना पुष्कळांनी पाहिली असतील. पुरुष मेंढरे घेऊन रानातून येतात. तळ उचलणे, पुढच्या मुक्कामी तो पुन्हा मांडणे, पाणी, सरपण आणि स्वयंपाक हा सारा भार स्त्रियांवर असतो.

या भ्रमंतीत शेतकऱ्याचाही लाभ आहे. पीक निघालेल्या शेतात रात्री मेंढरे बसविली की लेंडी व मूत्र यांचे खत थेट जमिनीत जाते. त्याबद्दल शेतकरी मेंढपाळास धान्य किंवा रोख रक्कम देतो. वाघर लावून, म्हणजे जाळीचे कुंपण उभारून, त्यात मेंढरे कोंडली जातात आणि एक-दोन रात्रींनी वाघर शेताच्या दुसऱ्या भागात हलविली जाते. रासायनिक खतांचा प्रसार झाल्यानंतरही ही पद्धत टिकून आहे, यावरून तिची उपयुक्तता ध्यानात यावी.

कातरणी

वर्षातून साधारणपणे दोनदा मेंढ्या कातरल्या जातात. एक कातरणी उन्हाळ्याच्या तोंडावर आणि दुसरी पावसाळ्याच्या आगेमागे होते. स्थळपरत्वे व पावसापाण्यानुसार महिने बदलतात. म्हणून सहल आखताना स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्याकडे किंवा ग्रामपंचायतीकडे आगाऊ चौकशी करणे श्रेयस्कर. पाणी जवळ असल्यास आदल्या दिवशी मेंढ्या ओढ्यात किंवा तळ्यात धुतात. मग सावलीला पाय बांधून मेंढीला आडवी पाडतात आणि लांब पात्यांच्या लोखंडी कातरीने पोटाकडून पाठीकडे लोकर उतरवितात. सराईत माणसाच्या हातून कातडीला ओरखडाही उठत नाही. सारी लोकर निघाल्यावर मेंढी उठून अंग झटकते आणि क्षणभर आपल्याच कळपात परक्यासारखी उभी राहते. सहलीतील मुलांना हे दृश्य विशेष आवडते.

एका दख्खनी मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा ते पाऊण किलो लोकर मिळते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीस ‘जावळ’ म्हणतात. घरातल्या बाळाच्या पहिल्या केसांसाठी वापरला जाणारा शब्दच येथे योजिला आहे. जावळाची लोकर मऊ असल्याने तिच्या घोंगडीस अधिक मोल येते. कातरलेली लोकर हाती घेऊन पाहिली तर तिच्यात कुसळी गवताची अणकुचीदार कुसे अडकलेली आढळतात. ही कुसे पुढे सूत काढताना बोटांना टोचतात व लोकरीचा दर्जा उतरवितात. माळावर कोणते गवत वाढते, याचा घोंगडीशी असा थेट संबंध आहे.

लोकरीची घोंगडी होते

कातरलेली लोकर रंगाप्रमाणे निवडली जाते, उन्हात वाळविली जाते व कमानीने पिंजली जाते. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून स्त्रिया चरख्यावर सूत काढतात. विणकाम मुख्यतः सणगर समाजातील कारागीर करीत आले आहेत. धनगरांतील काही शाखांतही हे काम परंपरेने चालते. माण तालुक्यातील म्हसवड हे गाव घोंगड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. पंढरपूरच्या बाजारपेठेतही घोंगडीला मान आहे.

विणकाम पाहताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली गोष्ट म्हणजे खळ. चिंचोके भिजवून, वाटून व शिजवून त्यांची खळ तयार करतात आणि ताणलेल्या ताण्यावर कुंच्याने चढवितात. लोकरीचे सूत सैल पिळाचे व लवदार असते. खळीमुळे धागे गुळगुळीत व ताठ होतात आणि मागावर तुटत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे खड्डामाग. विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हातांनी धोटा फेकतो. या मागाला वीज लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. मात्र दिवसभर त्याच आसनात बसून कंबर व गुडघे झिजतात. घोंगडीच्या किमतीबद्दल घासाघीस करणाऱ्याने एक तास त्या खड्ड्यात बसून पाहावे.

घोंगडीला बहुधा रंग द्यावा लागत नाही. मेंढीचा जो नैसर्गिक रंग, तोच तिचा रंग. न विणता लोकरीचे थर पाणी व दाब देऊन घट्ट बसवून केलेल्या जाड वस्त्रास ‘जेन’ म्हणतात. त्याचा उपयोग अंथरण्यासाठी होतो.

भरड लोकरीची उपयुक्तता कशात आहे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य समजावून द्यावे. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश इतकी आर्द्रता शोषून घेऊनही अंगाला ओला लागत नाही. तंतूंच्या वेटोळ्यांत हवा अडकून राहते, त्यामुळे शरीराची ऊब बाहेर जात नाही. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. त्यामुळेच घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढपाळ पावसात उभा राहतो, रात्री तीच पांघरतो, दुपारी तीच अंथरतो आणि वाटेत नवे कोकरू जन्मले तर त्यालाही तिच्यातच गुंडाळून आणतो.

माळावरची वसंतशोभा

कळपामागून पहाटे माळावर गेले की येथील वन्यजीवनाची ओळख होऊ लागते. अरण्यातील प्राणी झाडीआड असतात, तर माळावरील प्राणी उघड्यावर वावरतात. त्यांचे रक्षण त्यांच्या रंगात आहे, म्हणून पाहणाऱ्यास धीर धरावा लागतो.

सर्वप्रथम लक्ष वेधून घेतो तो डोंबारी नावाचा चिमणीएवढा पक्षी. विणीच्या काळात नर आकाशात चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, पुन्हा उसळतो, पुन्हा कोसळतो. दोरीवरच्या कसरती करणाऱ्या डोंबाऱ्याचे नाव त्यास कोणी दिले असेल, त्याची दृष्टी मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. चंडोल हवेत तरंगत गातो. माळटिटवी उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधोमध अंडी घालते आणि कोणी जवळ आल्यास ओरडून ओरडून त्याचे लक्ष दुसरीकडे वळविते. पखुर्डीचे थवे सकाळी ऊन चढल्यावर ठराविक पाणवठ्यावर येतात. नर पोटाकडची पिसे पाण्यात भिजवितो आणि दूरवरच्या पिलांसाठी त्या पिसांतून पाणी वाहून नेतो. पाणवठा नाहीसा झाला की या पक्ष्याची वीण का धोक्यात येते, हे यावरून कळावे.

फुललेल्या पळसावर व पांगाऱ्यावर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पक्ष्यांचा गलका चाललेला असतो. त्या भोरड्या होत. त्यांस पळसमैना असेही सुंदर नाव आहे. मध्य आशिया व पूर्व युरोपाकडून आलेले हे पाहुणे हिवाळा येथे काढून चैत्राच्या सुमारास परत फिरतात. माळावरून संथपणे घिरट्या घालणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षीही याच वेळी उत्तरेकडे निघण्याच्या तयारीत असतात. ते गवतातील नाकतोडे व उंदीर टिपतात, म्हणजे शेतकऱ्याचे मित्रच ठरतात.

दगडावर बसून गळ्याखालचा रंगीत पंखा उघडमीट करणारा सरडा दिसला तर क्षणभर थांबावे. चैत्र-वैशाखात नर सरडे अशा रीतीने आपला प्रदेश जाहीर करतात. या सरड्यांच्या अभ्यासातून २०१६ साली शास्त्रज्ञांनी एक नवी प्रजाती निश्चित केली आणि तिला ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावरील एका जातीचा तीत समावेश आहे. खेड्यातील मुलाच्या तोंडचा शब्द अशा प्रकारे जगाच्या प्राणिशास्त्रात गेला.

काळवीट, चिंकारा आणि लांडगा

मोठ्या प्राण्यांसाठी दोन अभयारण्ये सहज गाठता येतात. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर असले तरी काळविटांसाठी ते प्रसिद्ध आहे. वसंतात नर काळवीट आपापली जागा राखून उभे असतात आणि प्रतिस्पर्धी आल्यास शिंगास शिंग भिडवितात. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. सुमारे पाच चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात चिंकारा दिसतो. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे २०२४ साली गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. माळरान पाहण्यासाठी मुद्दाम माणसे येऊ लागली, ही स्वागतार्ह घटना आहे.

लांडग्याचा विषय निराळा आहे. १८३१ साली कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनमधील लांडग्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, म्हणजे भारतीय लांडग्याची शास्त्रास ओळख झाली ती याच पठारावर. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान असून त्याची शिकार हा गुन्हा आहे. मेंढपाळास मात्र तो रात्रीचा वैरी आहे. एका हल्ल्यात दोन-चार मेंढरे गेली तर त्या कुटुंबाचे कित्येक महिन्यांचे उत्पन्न जाते. तरीही अनेक मेंढपाळ लांडग्याकडे केवळ शत्रू म्हणून पाहत नाहीत. ज्या माळावर आपण चरतो त्या माळाचा तोही एक वाटेकरी आहे, अशी त्यांची धारणा असते.

या सहजीवनास आधार द्यावयाचा तर वन्यप्राण्याने मारलेल्या जनावराची नुकसानभरपाई मेंढपाळास वेळेवर मिळाली पाहिजे. फिरत्या कुटुंबास पंचनाम्यासाठी दोन दिवस एका जागी थांबणे कठीण जाते आणि परगावच्या हद्दीत त्याला ओळखणारे कोणी नसते. अशा वेळी त्या गावच्या सरपंचाने किंवा पोलीस पाटलाने वनरक्षकास त्वरित कळविले, तर एका माणसाचे नुकसान भरून निघते आणि एका दुर्मिळ प्राण्यावरचा विषप्रयोगही टळतो. गावाबाहेर टाकलेल्या कचऱ्यावर पोसलेली मोकाट कुत्री हे लांडग्यापुढील दुसरे संकट आहे. त्यांच्यामुळे रोग पसरतात, तसेच पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांच्या संकराचीही नोंद झाली आहे. म्हणजे गावाचा कचरा नीट हाताळणे हे देखील वन्यजीवरक्षणाचेच काम ठरते.

लोकरीचे घटते मोल

या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांच्यापासून मिळणारे मुख्य उत्पन्न आता मांसाचे आहे. गिरणीची ब्लँकेटे व कृत्रिम धाग्यांची पांघरुणे स्वस्तात मिळू लागल्यापासून भरड लोकरीची मागणी घटली. कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीच्या विक्रीतून निघत नाही आणि लोकर रानातच टाकून दिली जाते. मांसासाठी अधिक भरणाऱ्या, पण अंगावर लोकर कमी असणाऱ्या जातींकडे मेंढपाळांचा कल वाढत आहे. सूत काढणारे हात म्हातारे झाले आहेत आणि विणकरांची मुले इतर व्यवसायांत गेली आहेत. त्यांना दोष देता येणार नाही.

मेंढपाळांसाठी शासनाचे प्रयत्न चालू आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत दहिवडी, रांजणी, महूद आदी ठिकाणी प्रक्षेत्रे चालविली जातात. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेखाली वीस मेंढ्या व एक मेंढानर असा गट अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. परंतु कळप वाढले आणि चरण्याची जागा घटली, तर योजनेचा हेतू सफल होणार नाही.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. सरकारी दप्तरात गवताळ माळाची गणना पुष्कळदा पडीक जमिनीत होते. ‘पडीक’ म्हटले की तेथे काहीतरी उभे केले पाहिजे, असे प्रत्येकास वाटू लागते. कोठे चर खणून झाडे लावली जातात, कोठे कारखाना येतो, कोठे गायरानावर अतिक्रमण होते. वृक्षारोपण हे पुण्यकर्म खरे, पण नैसर्गिक गवताळ माळावर दाट झाडी उभी केली तर डोंबारी, पखुर्डी, काळवीट व लांडगा यांचे घर मोडते. माळढोकाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. त्याच्यासाठी नान्नजचे अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, तरी आज तेथे माळढोक दिसणे ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट झाली आहे. उलट बाजूने, अनिर्बंध चराई झाली तर गवताचे बी पडण्यापूर्वीच ते खाल्ले जाते आणि माळ उघडा पडतो. यावर उपाय एकच. गायरानाचे भाग पाडून ते आळीपाळीने राखावयाचे, बी पडल्यानंतर खुले करावयाचे आणि कोणत्या कळपाने केव्हा चरावे हे मेंढपाळांना बरोबर बसवून ठरवावयाचे. हे काम ग्रामसभेच्या हातचे आहे.

सहलीसाठी काही सूचना

सहल फाल्गुनाच्या उत्तरार्धात किंवा चैत्राच्या प्रारंभी काढावी. सकाळी दहापर्यंतचा व दुपारी चारनंतरचा वेळ माळासाठी ठेवून भर दुपार विणकराच्या घरी घालवावी. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. लांडग्याची पिले या सुमारास गुहेबाहेर खेळू लागलेली असतात आणि खोकडाची पिलेही बिळाच्या तोंडाशी येतात. त्यांच्या जवळ जाऊ नये, गाडी माळावर घालू नये, जमिनीवरची अंडी हाताळू नयेत. वाळलेल्या गवतात विडी-काडी टाकणे म्हणजे साऱ्या माळाला आग लावण्यासारखे आहे. मेंढपाळाच्या तळावर जाताना आधी विचारावे, कुत्र्यांपासून जपावे आणि घरातील स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून घेऊ नयेत. रात्री तळावर ढोल वाजू लागला आणि सुंबरान मांडले गेले, तर बिरोबाच्या ओव्या ऐकण्याचा लाभ होईल. शिक्षकांनी निघण्यापूर्वी व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी विद्यार्थ्यांस अवश्य वाचावयास द्यावी. धनगरांच्या वाडीवर रुजू झालेल्या एका तरुण मास्तरच्या दृष्टीतून हाच मुलूख तीत उभा राहिला आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. जगाचे लक्ष या विषयाकडे वळत असताना आपल्या शिवेवरील माळाकडे आपणही नव्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. सहलीहून परतताना प्रत्येकाने विणकराकडून योग्य किंमत देऊन एक घोंगडी विकत घेतली, तर त्या घरचा माग काही दिवस चालू राहील. पंचायत सदस्याने गावी गेल्यावर आपल्या गायरानाचा सात-बारा काढून पाहिला आणि त्यातील ‘पडीक’ या शब्दामागे किती जीव नांदतात याचा ग्रामसभेत एकदा विचार केला, तर सहलीचे खऱ्या अर्थाने सार्थक होईल.